वेल्डिंग-यंत्रांतील चार दारें

मुळशी तालुक्यांत भातलावणीच्या ऐन घाईंत चिखलणीच्या अवजाराचें पातें मोडलें, म्हणजे घोटावड्याच्या शेतकऱ्यास वेल्डिंगवांचून गत्यंतर नसतें. एका हातानें उचलतां येणारें इन्व्हर्टर यंत्र आतां घरीं ठेवितां येतें. मात्र तें वारंवार जळल्यास पैसा व हंगाम दोन्ही जातात. म्हणून त्याचें मर्म येथें सांगतों.

घरांतील वीज सेकंदास 50 आवर्तनें करिते. इतक्या मंद आवर्तनांस ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. म्हणून जुनें यंत्र जड. नवें यंत्र 230 व्होल्टांची वीज प्रथम एकाच दिशेनें वाहणारी, सुमारें 325 व्होल्टांची करितें. मग चार ट्रान्झिस्टरांचा पूल तिची दिशा सेकंदास हजारों वेळां पालटतो व लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. या कामीं येणारा आयजीबीटी ट्रान्झिस्टर 1980 नंतरच्या दशकाच्या आरंभीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत, मद्रास आयआयटीचे पदवीधर जयंत बालिगा यांनीं सिद्धीस नेला.

पुलाच्या प्रत्येक बाजूस एक वरचा व एक खालचा ट्रान्झिस्टर असतो. हीं जणूं पाटाचीं दारें. दारें धरतांना आपण पुढच्या वाफ्याचें दार उघडून मग मागचें बांधतों. येथें नेमकें उलट. एका बाजूचीं दोन्ही दारें क्षणभर एकदम उघडीं राहिलीं, तर वीज काम न करितां सरळ वरून खालीं धांवते आणि ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून चालक-मंडल एक बंद केल्यावर एक-दोन मायक्रोसेकंद थांबून मगच दुसरें उघडतें.

दार पूर्ण उघडण्यास ट्रान्झिस्टरच्या गेटवर सुमारें 15 व्होल्ट लागतात. दाब उतरून तें अर्धवट उघडलें, तर ट्रान्झिस्टर स्वतःच तापतो. चांगलें चालक-मंडल अशा वेळीं सर्व दारें बंद करितें. वरच्या ट्रान्झिस्टरांस हुकूम पोंचविण्यासाठीं प्रकाशाचा किंवा चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरचा अलग मार्ग ठेवावा लागतो.

तेव्हां खरेदीपूर्वीं कमी दाबाचें संरक्षण आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. ट्रान्झिस्टर जळल्यास केवळ नवा बसवून भागत नाहीं. चालक-मंडल आधीं तपासून घ्यावें, नाहीं तर नवाही जळेल. वीज तोडल्यावरही आंतील कपॅसिटरमध्यें घातक दाब कांहीं काळ राहतो. म्हणून जाणकाराखेरीज कोणीं यंत्र उघडूं नये.