रेग्युलर एक्सप्रेशन : भाषा व साधनांनुसार भेद

संगणकातील मजकुरात शोधावयाच्या अक्षरसमूहाचे रूप ज्या चिन्हयुक्त सूत्राने सांगितले जाते, त्या सूत्रास रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. संगणक व्यवसायात त्याचे ‘रेजेक्स’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. साध्या शोधात एकच ठराविक शब्द देता येतो. रेजेक्सने शब्दांचा एक संपूर्ण वर्ग एकाच ओळीत सांगता येतो. उदा., ‘करंजा(डे|डी)’ या सूत्राने रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील करंजाडे व महाड तालुक्यातील करंजाडी ही दोन्ही गावे एका वेळी शोधता येतात. तथापि हेच सूत्र सर्व संगणकीय भाषांत व साधनांत सारखेच फळ देईल असे नाही. हे भेद रोमन लिपीतील मजकुराच्या बाबतीत सहसा फारसे जाणवत नाहीत. देवनागरी मजकुराच्या बाबतीत मात्र त्यांमुळे संपूर्ण नावे यादीतून गळू शकतात.

उगम व शाखा : या संकल्पनेचा पाया अमेरिकन गणितज्ञ स्टीव्हन क्लेनी यांनी घातला. वॉरन मक्युलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या चेतापेशींच्या गणिती प्रतिमानाचा विचार करताना त्यांनी १९५१ मध्ये ही चिन्हपद्धती तयार केली व १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी तिचा उपयोग करण्याची रीत प्रसिद्ध केली. यूनिक्स प्रणालीतील ‘ग्रेप’ हे शोधसाधन १९७३ मधील होय. पुढे यूनिक्सच्या निरनिराळ्या साधनांत निरनिराळी लेखनपद्धती रूढ झाली. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने ‘मूलभूत’ व ‘विस्तारित’ अशा दोन पद्धती मान्य केल्या. लॅरी वॉल यांच्या पर्ल (१९८७) या भाषेने या चिन्हपद्धतीत मोठी भर घातली. फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये पर्लशी जुळणारा ‘पीसीआरई’ हा संच तयार केल्यावर ती भर इतर अनेक साधनांत पोहोचली. आज आढळणारे बहुतेक भेद या शाखाविस्तारातून आलेले आहेत.

लेखनातील भेद : पॉझिक्सच्या मूलभूत पद्धतीत साधा कंस म्हणजे केवळ कंसाचे चिन्ह होय, त्यास गट पाडण्याचा अर्थ येण्यासाठी त्यामागे उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. विस्तारित पद्धतीत व पर्लमध्ये नेमके याच्या उलट आहे. त्यामुळे वरील ‘करंजा(डे|डी)’ हे सूत्र ग्रेपला विशेष सूचना न देता दिल्यास ते कंसांसकट तसाच मजकूर शोधते व एकही गाव सापडत नाही.

पर्यायांची निवड करण्याची रीतही भिन्न आहे. ‘पनवेल’ या शब्दावर ‘पन|पनवेल’ हे सूत्र चालविले असता पर्ल व तिच्या वळणाच्या भाषा डावीकडील पहिला जुळणारा पर्याय घेऊन ‘पन’ वर थांबतात. पॉझिक्सच्या नियमानुसार सर्वांत लांब जुळणी, म्हणजे ‘पनवेल’, घ्यावी लागते.

एका चिन्हाचा अर्थ : रेजेक्समधील टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. परंतु एक चिन्ह कशास म्हणावे याविषयी एकवाक्यता नाही. ‘करंजाडे’ या शब्दात मराठी वाचकाच्या दृष्टीने क, रं, जा, डे ही चार अक्षरे आहेत. यूनिकोडमध्ये अनुस्वार, काना व मात्रा यांना स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे त्यात सात संकेतांक होतात आणि यूटीएफ–८ या साठवणपद्धतीत प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागत असल्याने एकवीस बाइट होतात. म्हणून टिंबाने एखादे साधन एक बाइट, तर दुसरे एक संकेतांक उचलते. मायएसक्यूएल या माहितीसाठा प्रणालीत २०१८ पर्यंतचा रेजेक्स-शोध बाइटनुसार चाले, ८.० या आवृत्तीपासून तेथे यूनिकोड जाणणारा संच वापरला जातो. पर्ल, पीसीआरई इ. साधनांत पूर्ण अक्षर उचलणारे वेगळे चिन्हही आहे. त्याचा अर्थसुद्धा स्थिर राहिलेला नाही : यूनिकोडच्या जुन्या नियमांनुसार ‘महाराष्ट्र’ या शब्दातील जोडाक्षर तुटून सहा घटक होत, २०२३ मधील १५.१ या आवृत्तीच्या नियमांनुसार ‘ष्ट्र’ एकत्र राहून चारच होतात.

शब्दाची सीमा : सर्वांत घातक भेद येथे आहे. बहुतेक साधनांत ‘शब्दात येऊ शकणारे चिन्ह’ व ‘शब्दाची सीमा’ यांसाठी संक्षिप्त खुणा असतात. जावास्क्रिप्ट व गो या भाषांत पहिल्या खुणेत केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक व अधोरेषा यांचाच समावेश होतो; जावा भाषेतही वेगळी सूचना न दिल्यास असेच घडते. पर्ल व रस्ट या भाषांत मजकूर यूनिकोड म्हणून वाचला गेल्यास स्वरचिन्हे व अनुस्वार शब्दातच धरले जातात. पायथॉनच्या मूळ संचातील रेजेक्स-विभाग मधला मार्ग घेतो : तो देवनागरी व्यंजने व स्वर शब्दात धरतो, परंतु काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व पाय मोडल्याची खूण यांना शब्दाबाहेर ठेवतो. परिणामी ‘करंजाडे’ या शब्दाचे ‘कर’, ‘ज’ व ‘ड’ असे तीन तुकडे पडतात.

यातून विपरीत निष्पत्ती होते. ‘पनवेल’ हा शब्द व्यंजनाने सुरू होऊन व्यंजनचिन्हानेच संपतो. म्हणून दोन्ही बाजूंस सीमेची खूण देऊन पायथॉनमध्ये शोधल्यास तो सापडतो. ‘करंजाडे’ मात्र मात्रेने संपतो. मात्रा व तिच्यापुढील मोकळी जागा ही दोन्ही शब्दाबाहेरची ठरल्यामुळे त्यांच्यामध्ये सीमा मानली जात नाही आणि स्वतंत्रपणे लिहिलेले गावाचे नाव सापडत नाही. उलट ‘करंजाडेत’ या रूपात मात्रेनंतर व्यंजन येत असल्याने तेथे सीमा मानली जाते आणि नको असलेली जुळणी होते. असा शोध गावांच्या वा खातेदारांच्या यादीवर चालविल्यास काना, मात्रा किंवा वेलांटीने संपणारी नावे वगळली जातात. संगणक त्रुटीची सूचना देत नाही. यादी केवळ लहान होते आणि वगळलेल्या नावाची नोंदच नाही असा समज होतो. पायथॉनमध्ये ‘रेजेक्स’ याच नावाचा स्वतंत्र संच वापरून, तर जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून उपलब्ध असलेल्या यूनिकोड-गुणधर्मांच्या खुणा वापरून हा दोष टाळता येतो.

अंकांचेही असेच आहे. अंकासाठी असलेली खूण पायथॉन व पर्लमध्ये ‘७/१२’ मधील देवनागरी अंकांना लागू पडते. जावास्क्रिप्ट व गो यांत ती इंग्रजी अंकांपुरतीच आहे.

एकाच अक्षराची अनेक लेखने : मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते, ‘कऱ्हाड’ सारख्या शब्दांत ‘र’, पाय मोडल्याची खूण व अदृश्य जोडचिन्ह असाही क्रम आढळतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु रेजेक्सला ती सामान्यतः भिन्न वाटतात. शोधापूर्वी मजकुराचे प्रमाणीकरण केल्यास पहिली दोन रूपे एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतंत्र बदल करावा लागतो.

वेग व मर्यादा : पर्लच्या वळणाची इंजिने एक पर्याय फसल्यास मागे येऊन दुसरा तपासतात. पुनरावृत्तीत पुनरावृत्ती असलेल्या सूत्रांत हे प्रयत्न मजकुराच्या लांबीबरोबर प्रचंड वाढू शकतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा २ जुलै २०१९ रोजी अशाच एका सूत्रामुळे सु. २७ मिनिटे कोलमडली व त्या सेवेवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे बंद पडली. गो व रस्ट यांच्या मूळ रीतीत टॉम्प्सन यांच्या तत्त्वानुसार सर्व पर्याय एकाच वेळी पुढे नेले जातात. त्यामुळे हा धोका टळतो. मात्र आधी जुळलेला भाग पुन्हा त्याच सूत्रात शोधण्याची सोय त्यांत नसते.

या सर्व कारणांमुळे एका साधनासाठी लिहिलेले सूत्र दुसऱ्यात नेताना ते नव्याने तपासणे आवश्यक ठरते. मराठी मजकुरासाठी अशा तपासणीत मात्रेने संपणारा ‘करंजाडे’, जोडाक्षराचा ‘महाराष्ट्र’, ‘ऱ’ असलेला ‘कऱ्हाड’ व देवनागरी अंकांचा ‘७/१२’ हे नमुने घेतल्यास बहुतेक दोष वेळीच उघड होतात.