फर्मानाने येणारा वसंत

व्हिएन्ना शहरात वसंत ऋतू आल्याची वर्दी प्रथम नगरपालिकेचे सफाई खाते देते. बर्फावरून पादचारी घसरू नयेत म्हणून हिवाळाभर पदपथांवर बारीक खडी पसरलेली असते. ती बुटांच्या तळव्यांत रुतून घरोघरच्या जिन्यांवर, ट्रामच्या डब्यांत, क्वचित अंथरुणापर्यंतही पोचते. आणि फेब्रुवारी सरता सरता एके दिवशी नारिंगी पोशाखातले कामगार व त्यांच्यामागून गुरगुरत येणारी झाडूगाडी ती खडी गोळा करू लागली, म्हणजे पाववाल्याच्या दुकानात उभी असलेली मंडळी हिवाळा संपला असे एकमेकांना सांगू लागतात. त्यानंतर पुन्हा बर्फ पडले तरी हा निकाल फिरविला जात नाही. पडलेल्या बर्फालाच बेकायदेशीर ठरविले जाते.

या नगरीचा परिचय पुरवणीसाठी लिहून द्यावा, असा संपादकांचा आग्रह आहे. रोमन लोकांची विंडोबोना नावाची छावणी, हाब्सबुर्ग घराण्याची सहा शतकांहून अधिक काळ चाललेली सत्ता, मोझार्ट आणि बीथोवन, नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखणारी १८१४-१५ ची परिषद, फ्रॉइडचे दवाखान्यातले कोच, हे सर्व वाचकांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांना ते कोणत्याही प्रवासवर्णनात सापडेल. मी येथे चरितार्थासाठी राहणारा मनुष्य. मला हे शहर कळले ते येथील वसंतामुळे, आणि हा वसंत मला कळला तो येथील दप्तरदारीमुळे.

कारण येथे ऋतू मनास येईल तेव्हा येत नाही, त्याला तारखा नेमून दिलेल्या आहेत. प्राटर उद्यानातील श्वाइत्सरहाउस हे बियरचे प्रसिद्ध उपाहारगृह १५ मार्च रोजी उघडते, मग त्या दिवशी ऊन असो वा गारपीट, आणि पहिल्या दिवशी पहिला पेला आपल्यालाच मिळावा म्हणून वृद्ध गृहस्थ टोपी सावरीत दारापाशी उभे असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि सायंकाळ एकाएकी लांबते. रस्त्यांवरचे पिण्याच्या पाण्याचे कारंजे, जे थंडीत नळ फुटू नयेत म्हणून बंद केलेले असतात, ते पुन्हा वाहू लागतात. हे पाणी आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे असून १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या नळातून शहरात येते, आणि ते ओंजळीने पिताना पुण्यामुंबईच्या मनुष्याला आपण काही गैरकृत्य करीत आहोत असे उगाच वाटते. कॉफीगृहांची टेबले पदपथावर मांडावयाची, ज्याला येथे शानीगार्टन म्हणतात, तर त्याचाही परवाना लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर ग्राबेन या पेठेत तारोनी नावाच्या एका इटालियन कॉफीवाल्याने तो प्रथम मिळविला असे सांगतात. पूर्वी या परवान्याची मुदत मार्चपासून शरद ऋतूच्या अखेरीपर्यंतच असे, आणि म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओव्हरकोट घालून, हातमोजे न काढता, उन्हाकडे तोंड करून व डोळे मिटून बाहेर कॉफी पिण्याला एखाद्या व्रताची प्रतिष्ठा होती. अलीकडे हिवाळी परवानेही मिळू लागले. जानेवारीतही टेबले बाहेरच असतात, आणि त्या व्रताचे पारणे फेडण्यातला आनंद गेला. ही तक्रार फारशी गंभीर नाही, तरी ती नोंदवून ठेवतो.

शहराच्या ऐन वसंतस्थळांपैकी पुष्कळशी तर साक्षात शाही फर्मानाने जनतेस मिळाली आहेत. प्राटर हे बादशहाचे शिकारीचे रान. ७ एप्रिल १७६६ रोजी दुसऱ्या जोसेफने ते सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. आउगार्टन उद्यान त्याने १७७५ मध्ये खुले केले आणि त्याच्या दारावर, हे विरंगुळ्याचे स्थान सर्व मनुष्यांस त्यांचा चाहता अर्पण करीत आहे, अशा अर्थाचा मजकूर कोरविला, जो आजही तेथे वाचता येतो. आता आपणांस आपल्या बरोबरीच्या लोकांत फिरता येणार नाही अशी कुरकुर सरदारांनी केली, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मला माझ्या बरोबरीच्यांतच राहावयाचे असते, तर पूर्वजांच्या तळघरातील शवपेट्यांमध्येच जाऊन बसावे लागले असते. १७ ऑगस्ट १७८४ च्या हुकुमाने त्याने द्राक्षबागाइतदारांस स्वतःची दारू स्वतःच्या घरी विकण्याची मुभा दिली, आणि शहराच्या उत्तरेकडील टेकड्यांवर दारावर पाइनच्या डहाळ्यांचा जुडगा टांगून बाके मांडणाऱ्यांचा जो धंदा आज चालतो, त्याची सनद हीच.

परंतु मला लिहावयाचे आहे ते फोल्क्सगार्टनविषयी. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने राजवाड्यालगतचा बुरूज सुरुंगाने उडविला, त्या मोकळ्या जागेवर ही बाग आखली गेली आणि १८२३ मध्ये लोकांना खुली झाली. मध्ये एक ग्रीक धर्तीचे देऊळ आहे, जे कानोवाच्या थीसियसच्या शिल्पासाठी बांधले होते. ते शिल्प पुढे कलासंग्रहालयाच्या जिन्यावर नेले गेले आणि देऊळ देवावाचून राहिले. या बागेचे वैभव म्हणजे उंच दांड्याचे गुलाब. हिवाळ्यात मात्र येथे चमत्कारिक दृश्य दिसते. प्रत्येक झाडाच्या माथ्यावर तागाचे पोते चढवून ते सुतळीने गळ्याशी आवळलेले असते, आणि रांगेने उभी असलेली ही शेकडो मुंडकी धुक्यात पाहिली म्हणजे, कोणा कडक न्यायाधीशाने आख्खे गाव फासावर चढविण्यापूर्वी उभे करून ठेवले आहे असे वाटते.

ही पोती उतरविण्याचे काम चालू असताना मी तेथे गेलो होतो. काम करणाऱ्या माळीणबाई पन्नाशीच्या, हातात जाड कातडी मोजे, कमरेला कात्री अडकविलेली. माझे जर्मन त्यांनी सोसले आणि त्यांची व्हिएन्नी बोली मी सोसली. उन्हाचा दिवस सोडून आज ढगाळ दिवस का निवडलात, असे मी विचारले. तेव्हा त्या म्हणाल्या, "चार महिने अंधारात बसलेल्या माणसाला तुम्ही एकदम भर उन्हात उभे कराल काय? साल करपते हो." पोते काढून झाल्यावर त्या लगेच छाटणीस हात घालीत नाहीत, कुंपणापलीकडच्या फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुले पूर्ण आली की मग गुलाब छाटावयाचे, ही त्यांच्या गुरूची शिकवण. "दिनदर्शिका काय, ती कचेरीत बसून छापतात," असे त्या म्हणाल्या, आणि तारखांवर चालणाऱ्या या शहरात तारीख न मानणारा सरकारी नोकर मला प्रथमच भेटला. छाटताना त्या फांदी दोन बोटांत धरून तिला किंचित फिरवीत, बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा शोधीत, आणि त्याच्यावर थोडे अंतर राखून तिरपा काप घेत. आतल्या तोंडाचा डोळा ठेवला तर फांदी झाडाच्या पोटात शिरते आणि हवा कोंडते. ताग हा आमच्याकडच्या बंगालचा माल, असे मी थोड्या अभिमानाने सांगितले, तेव्हा त्यांनी पोते उलटेपालटे करून काही शिक्का आहे का पाहिले, नव्हता. बऱ्याच झाडांच्या बुडाशी पितळी पाट्या आहेत, कारण पैसे भरून गुलाबाचे पालकत्व घेता येते: कोणी दिवंगत पत्नीसाठी, कोणी नातीच्या जन्मानिमित्त, एकाने तर चक्क आपल्या कुत्र्याच्या स्मरणार्थ. पाटी लावून गेलेले कितीजण परत येतात, असे विचारता बाईंनी उत्तर दिले नाही, कात्री पुसली.

वसंताच्या पहिल्या फुलाची एक जुनी कथा या शहरात आहे. नायडहार्ट नावाच्या तेराव्या शतकातील कवीला रानात वर्षातले पहिले जांभळे व्हायोलेट दिसले; त्याने त्यावर आपली टोपी झाकली आणि तो डचेसबाईंना बोलावण्यास धावला. दरबार वाद्यांसह नाचत आला, परंतु दरम्यान खेडुतांनी फूल खुडून टोपीखाली, जिचे नाव रविवारच्या पुरवणीत छापता येत नाही, अशी वस्तू ठेवली होती. टोपी डचेसबाईंनीच उचलली. या नायडहार्टच्या गीतांवरील भित्तिचित्रे सुमारे १४०७ मध्ये एका कापडव्यापाऱ्याने टुखलाउबेन गल्लीतील आपल्या घराच्या दिवाणखान्यात काढवून घेतली होती. चुन्याखाली गाडलेली ती १९७९ मध्ये घराच्या दुरुस्तीत सापडली. चेंडूचा खेळ, बर्फाचे गोळे, फेर धरून नाचणारी मंडळी, सगळे छिन्नविच्छिन्न, पण रंग अजून बोलतात. स्टेफान कॅथीड्रलच्या दक्षिण अंगाला नायडहार्टची म्हणून दाखविली जाणारी समाधीही आहे. दोन पावलांवर चॉकलेटच्या दुकानापुढे रांगा लागतात, आणि भित्तिचित्रांच्या त्या दिवाणखान्यात मी गेलो तेव्हा रखवालदाराखेरीज कोणी नव्हते.

एप्रिलात प्राटरच्या झाडीत शिरले की लसणीचा दर्प येतो. तो रानलसणीच्या पानांचा. लोक पिशव्या घेऊन ती खुडतात, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी पानांपासून सावध राहण्याच्या सूचना वर्तमानपत्रे दरसाल छापतात. मग बाजारात मार्खफेल्डचे पांढरे शतावरीचे कोंब येतात. माइडलिंगच्या स्मशानभूमीत हिवाळी झोपेतून उठलेले रानटी हॅमस्टर थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचे मेण गालांत भरून पळवितात. मृतांचे नातेवाईक रागावत नाहीत, उलट छायाचित्रे काढतात.

आणि चेस्टनट. प्राटरच्या चार-साडेचार किलोमीटर लांबीच्या हमरस्त्याच्या दुतर्फा त्यांच्या पांढऱ्या मंजिऱ्या उभ्या राहिल्या म्हणजे व्हिएन्नाकर मनुष्य त्यांस आपल्या रक्तातला ठेवा समजतो. वस्तुतः हे झाड १५७६ मध्ये क्लुसियस या दरबारी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती कॉन्स्टँटिनोपलहून आले. लायलॅक आणि ट्युलिप यांचे श्रेयही तेथील हाब्सबुर्ग वकील बुसबेक यास देतात. म्हणजे ज्या तुर्कांनी १५२९ आणि १६८३ मध्ये या शहराला वेढा घातला, त्यांच्याच मुलखातून या शहराचा वसंत आला. त्याच दिशेने चेस्टनटचा वैरीही आला: ओह्रिड सरोवराजवळ १९८० च्या दशकात प्रथम आढळलेला एक इवलासा पतंग १९८९ मध्ये ऑस्ट्रियात पोचला, आणि त्याच्या अळ्या पाने आतून पोखरतात, त्यामुळे ऑगस्टातच ही झाडे तपकिरी पडतात. गळलेली पाने वेळीच उचलून नष्ट केली तर कोषांसह बंदोबस्त होतो, परंतु खासगी आवारांतून ती कोणी उचलीत नाही. आमच्या अंगणातील ढीग व्यवस्थापकाकडे केलेल्या अर्जानंतरही मार्चपर्यंत तसाच होता.

मेच्या मध्यास पुन्हा एक तारीख. १२ ते १५ मे हे चार संतांचे दिवस, शेवटची सोफी. ते उलटण्याआधी कुंड्या बाहेर काढू नयेत, थंडी परत येते, अशी ताकीद आपल्याकडच्या मृगाच्या हिशेबासारखी पिढीजात चालत आलेली आहे. समोरच्या दारात राहणाऱ्या वृद्ध बाई ती माझ्यावर जातीने अंमलात आणतात. माझी तुळस त्यांनी १६ मेपर्यंत खिडकीबाहेर ठेवू दिली नाही, आणि बाहेर ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी पाने हुंगून, टोमॅटोबरोबर ही फार चांगली लागेल, असा अभिप्राय दिला.