पट्टा हवाय, पण कुठल्या मापाचा?

धुण्याचं मशीन नेमकं पावसाळ्यातच किंवा सणाच्या तोंडावर का बंद पडतं, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. पनवेलचा पाऊस तर आपल्या ओळखीचाच. जुलैत एकदा लागला की आठ-आठ दिवस दोरीवरच्या चादरी वाळत नाहीत. अशा दिवसांत ड्रायर गुरगुरून थांबला, की घरातल्या इतरांचं काही अडत नाही, अडतं ते आपलंच! मुलांचे गणवेश, यांचे शर्ट, सासूबाईंच्या साड्या सगळं बादलीत भिजत पडतं आणि पिळून पिळून मनगटं दुखतात ती आपली.

मग मेकॅनिक येतो. मशीनकडे बघतो, आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "साहेब कधी येतील?" जणू मशीन साहेबच लावतात! आणि पाठचं झाकण उघडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच निर्णय देतो, "वहिनी, ह्याचे पार्ट आता येत नाहीत. नवीनच घ्या." या एका वाक्याची किंमत साध्या मशीनला १०-१२ हजार रुपये आणि मोठ्या मशीनला त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. तेव्हा भगिनींनो, ते वाक्य मुकाट्याने ऐकून घेण्याआधी त्याचा अर्थ काय, हे जरा पाहू या.

"पार्ट येत नाहीत" म्हणजे कधी कंपनीने तो भाग बनवणंच थांबवलेलं असतं. कधी तो बनतो, पण जवळच्या विक्रेत्याकडे नसतो. आणि कधी मेकॅनिकला तो शोधत हिंडायचा कंटाळा असतो. माझ्या मते हे शेवटचं कारणच जास्त वेळा खरं असतं. अगदी कंपनीच बुडाली तरी मशीन निकामी होतंच असं नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या ना. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनची मशिनं एके काळी कितीतरी घरांत होती. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण दोन टपांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची रचना सगळ्याच कंपन्यांची पुष्कळशी सारखी असते. पट्टा, टायमर, कपॅसिटर, पाणी सोडायचा पाईप हे भाग बाजारात मापावर मिळतात, नावावर नाही. माप ठाऊक असलं म्हणजे झालं.

पार्ट आणायला धावण्याआधी मात्र फुकटातल्या दोन-चार गोष्टी पाहून घ्याव्यात. ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाणी भरत नसेल, तर नळाकडची नळी सोडून आतली बारीक जाळी बघा. टाकीतली रेती आणि गाळ तिथे अडकतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांत तर हमखास! जुन्या टूथब्रशने ती जाळी घासली की बरेचदा 'व्हॉल्व्ह गेला' हा आजार बरा होतो. पुढून दार असलेल्या मशीनचं पाणी निघत नसेल, तर खाली कोपऱ्यात एक फिरवून काढायची गाळणी असते. तिच्यात नाणी, सेफ्टी पिना, शर्टाची बटणं काय वाटेल ते सापडतं. अर्थात, हे सगळं प्लग काढूनच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट, नंबर. प्रत्येक मशीनवर एक पट्टी चिकटवलेली असते. सेमी-ऑटोमॅटिकला ती पाठीमागे असते, वरून कपडे टाकायच्या मशीनला पाठीमागे किंवा झाकणाखाली, आणि पुढच्या दाराच्या मशीनला दार उघडल्यावर कडेला दिसते. तिच्यावर मॉडेलचा नंबर असतो. दुकानदाराला आपण सांगतो, "साडेसहा किलोचं, निळ्या झाकणाचं." तेवढ्यावरून त्या बिचाऱ्याने काय समजायचं? पूर्ण नंबर उतरवा. नंबरानंतर तिरपी रेघ किंवा टिंब देऊन पुढे आणखी अक्षरं असतील, तर तीसुद्धा. पुष्कळजणी ती सोडतात. पण एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधूनच मोटार किंवा पंप बदलते आणि तो फरक त्या शेपटातच कळतो. मोबाईलवर फोटो काढून ठेवला की काम झालं. पट्टी ओलाव्याने पुसट होते, म्हणून मशीन नवं असतानाच फोटो काढावा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जुना भाग हातात घेऊन दुकानात जाणं. मेकॅनिकला स्पष्ट सांगावं, काढलेला भाग घरीच राहील. मागच्या वर्षी आमचं मशीन धुताना नुसतं घोंघावत होतं, खालची चकती फिरेना. आलेल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स गेल्याचं सांगून अडीच हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. मी त्याला मशीन कलतं करून खालून दाखवायला सांगितलं. पट्टा सैल होऊन एका चाकावरून पार उतरला होता! त्या पट्ट्यावर इंग्रजी 'एम' आणि पुढे आकडा छापलेला होता. हा आकडा म्हणजे इंचांतली लांबी. त्याच आकड्याचा नवा पट्टा दीडशेच्या आत मिळाला. एक इंच मोठा आणला तर तो घसरतो, लहान आणला तर ताण बसून मोटारीचं बेअरिंग जातं. 'चालून जाईल' म्हणणाऱ्या दुकानदाराचं म्हणून ऐकू नये.

पुढच्या दाराच्या मशीनचा पट्टा वेगळा, चपटा आणि आतून रेघारेघांचा असतो. त्यावर उदाहरणार्थ '१२७० जे ५' असं लिहिलेलं आढळेल. म्हणजे लांबी १२७० मिलिमीटर आणि रेघा पाच. इतकं सरळ गणित आहे, पण ते आपल्याला कुणी सांगत नाही.

मोटार गुणगुणते, पण फिरत नाही आणि पट्टाही जागेवर आहे, असं झालं तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. हा डब्यासारखा छोटा भाग असतो. त्यावर दोन प्रकारचे आकडे असतात. मायक्रोफॅरॅडचा आकडा जुन्यासारखा तोच हवा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी मुळीच नको. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बरेचदा दोन्ही मोटारींचा मिळून एकच कपॅसिटर असतो आणि त्यावर '१० अधिक ५' असे दोन आकडे असतात. मात्र हा भाग आपण हाताळायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि चांगला झटका देते.

टायमर घेताना तारा किती आणि कुठल्या रंगाच्या ते पाहावं, काढण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि दांडा कसा आहे तेही बघावं, नाहीतर वरचं बटण बसत नाही. तळाच्या चकतीचं भोक चौकोनी आहे की दातेरी, दातेरी असेल तर दाते किती, हे मोजून घ्या. वरून झाकणाच्या ऑटोमॅटिकला टप ज्यांवर लटकतं त्या चार दांड्या असतात. एक गेली तरी चारही एकदम बदलाव्यात, नाहीतर टप तिरकं होऊन पुन्हा आदळायला लागतं.

बेअरिंगबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे पैसा मोठा जातो. पिळताना मशीन विमानासारखं आवाज करू लागलं की बहुधा बेअरिंग गेलेलं असतं. बेअरिंग ही काही धुण्याच्या मशीनची खास वस्तू नव्हे. तीच बेअरिंगं पंपात असतात, गाड्यांत असतात. त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, ६२०४, ६२०५, ६२०६ असा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं, ६२०५ म्हणजे २५. शाळेतला पाढा असाही उपयोगी पडतो! नंबर हातात असला की बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात ते मिळतं. महामार्गावरच्या आपल्या पनवेलला मोटारींच्या सामानाची दुकानं काही कमी नाहीत. मात्र त्याबरोबर ऑईल सील नवंच घालायला लावा. मुळात सील झिजून पाणी आत शिरतं म्हणूनच बेअरिंग गंजतं. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी असे तीन आकडे असतात.

एक अडचण अशी, की काही मशिनांचं बाहेरचं टप कारखान्यातच सांधून बंद केलेलं असतं. मग बेअरिंगसाठी अख्खं टप बदलायला सांगतात आणि खर्च इतका येतो की माणूस नवंच मशीन घेतो. म्हणून नवीन घेतानाच विचारावं, "टप उघडतं का?" विक्रेता गोंधळेल. गोंधळू द्या.

'ओरिजिनल' आणि 'लोकल' हा वाद तर कायमचाच. मला विचाराल तर पाईप, बटणं, जाळ्या, बिजागऱ्या लोकल घ्यायला हरकत नाही. पट्टा, सील आणि विजेचा कुठलाही भाग नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा. आणि एका बाबतीत काटकसर नकोच. ड्रायरच्या झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण उघडलं की मोटार बंद व्हावी म्हणून तो असतो. स्विच बिघडला की काही मेकॅनिक दोन तारा एकत्र जोडून देतात. "आता काय, पार्टचं झंझटच नाही," म्हणतात. मशीन चालतं, पण झाकण उघडलं तरी टप फिरतच राहतं. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या टपात लहान मुलाचा हात गेला तर? ओल्या साडीचा पदरसुद्धा क्षणात गुंडाळला जातो. आज घरी गेल्यावर आपल्या ड्रायरचं झाकण मधेच उघडून पाहा. टप काही सेकंदांत थांबलं नाही तर स्विच नाहीतर ब्रेक, काहीतरी बिघडलेलं आहे. ते आधी दुरुस्त करून घ्या, कपडे मागाहून.

पार्ट मिळवायला आधी कंपनीच्या सेवा केंद्रात नंबर देऊन लेखी विचारावं. "नाही" असेल तर तेही लेखी घ्यावं. ऑटोमॅटिक मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करता येते. पनवेलहून लोकलने जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, म्हणून आधी फोटो पाठवून फोनवर ठरवावं. बिल घ्यायला विसरू नये. बिलावर पार्टचा नंबर आणि किती महिन्यांची हमी, ते लिहून घ्यावं.

युरोपात २०२१ च्या मार्चपासून नियम आहे, की धुण्याच्या मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही निदान १० वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे अशी सक्ती नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते. हमीच्या मुदतीतही कंपनी टोलवाटोलवी करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. त्याने भागलं नाही तर आपल्या रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही आणि तक्रार घरबसल्या ऑनलाईन दाखल करता येते. तेव्हा ते लेखी "नाही" उपयोगी पडतं.

आणि शेजारणीचं जुनं मशीन निघतंय असं कळलं, ते आपल्याच मॉडेलचं असलं, तर भंगारवाला जिना चढण्याआधी आपण पोहोचावं. झाकण, बटणं, पाण्याचा पाईप, गाळणीची जाळी, तळाची चकती एवढं काढून घेतलं तरी माळ्यावर एका पिशवीत मावतं. पिशवीवर मॉडेलचा नंबर लिहून ठेवावा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत घरातलंच कुणीतरी ती फेकून देतं.