हप्ता वाढला, कवच आटलं

तीस वर्षांचं, स्थिर व्याजदराचं गृहकर्ज घेतलं की महिन्याचा आकडा एकदाच काय तो ठरला, अशा समजुतीने अमेरिकेत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना गेल्या काही वर्षांत बँकेचं एक पत्र आलं असेल. व्याज तेच, मुद्दल तेच, पण महिन्याची रक्कम वाढलेली. भानगड असते एस्क्रो नावाच्या खात्यात. घराचा मालमत्ता कर आणि विम्याचा हप्ता यांसाठी बँक दरमहा पैसे गोळा करते आणि वेळ आली की परस्पर भरते. विमा कंपनीने नूतनीकरणाला हप्ता वाढवला, की वरचा फरक आधी बँक भरते. मग मागचा तुटवडा आणि पुढची वाढ दोन्ही एकदम तुमच्याकडून वसूल करते. पहिल्या वर्षीचा दणका खऱ्या वाढीपेक्षा मोठा वाटतो तो यामुळे.

पुण्या-ठाण्यात बसलेल्या आईवडिलांचा प्रश्न सरळ असतो : "अरे, पण तू कधी क्लेम तरी केला होतास का?" केलेला नसतो. हप्ता ठरवताना तुमच्या वागण्यापेक्षा तुमच्या पत्त्याचं वजन जास्त असतं, आणि त्याहून जास्त वजन तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या एका बाजाराचं असतं. विमा कंपन्याही स्वतःचा विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात आणि त्याचे करार बहुतांशी 1 जानेवारीला, तर फ्लोरिडाच्या वादळी मोसमासाठी 1 जूनला नव्याने होतात. 2022 च्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळाने फ्लोरिडाची दैना केली आणि 2023 च्या करारांत पुनर्विम्याचे दर भडकले. वर लाकूड, मजुरी, छपराचं सामान सगळंच महागलेलं. जळलेलं घर पुन्हा बांधायला जास्त पैसे लागणार, तर विम्याची रक्कमही आपोआप वर सरकते.

हा खेळ नवा नाही. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडचा भाग झोडपला आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या. तेव्हापासून मागच्या नुकसानीची सरासरी काढण्यापेक्षा पुढच्या वादळांचं संगणकावर गणित मांडण्याकडे हा धंदा वळला.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त बोधप्रद आहे. 1988 मध्ये तिथल्या मतदारांनी प्रस्ताव 103 मंजूर केला. दरवाढीला राज्याच्या विमा आयुक्ताची आगाऊ संमती हवी, आणि हा आयुक्त लोकांनी निवडून दिलेला हवा. ग्राहकांसाठी हे वरदानच होतं. दर बरीच वर्षं इतर राज्यांच्या मानाने आटोक्यात राहिले. पण त्या नियमांत वणव्याच्या भावी धोक्याचं संगणकीय गणित दरात धरायला परवानगी नव्हती, पुनर्विम्याचा खर्चही धरता येत नव्हता. 2018 मध्ये पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ सगळं जळालं, 85 माणसं गेली. दर हवे तितके वाढवता येत नाहीत म्हटल्यावर कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला आणि त्या निघून जाऊ लागल्या. स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने मे 2023 मध्ये तिथे नवे घरविमे देणं थांबवलं आणि मार्च 2024 मध्ये सुमारे 72 हजार पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. राज्याने नियम सैल केले, तोवर जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी 16 हजारांहून अधिक इमारती गिळल्या. मे महिन्यात स्टेट फार्मला 17 टक्के तातडीची वाढ मिळाली. स्वस्त विमा कायद्याने लिहून घेता येतो, विकणारा मात्र कायद्याने थांबवून ठेवता येत नाही.

ज्यांना कोणीच विमा देत नाही, त्यांच्यासाठी तिथे फेअर प्लॅन आहे. नाव गोड, पण आवाका तोकडा. मुख्यतः आग आणि धूर. चोरी, पाण्याची गळती, दुसऱ्याला झालेली इजा यांसाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. हा सरकारी पैसा आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात राज्यातल्या सगळ्या विमा कंपन्यांचा तो सामायिक गाडा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला पैसे कमी पडले, तेव्हा कंपन्यांवर एक अब्ज डॉलरची वर्गणी बसली, आणि तिच्यातला निम्मा भाग आपल्या ग्राहकांकडून वसूल करायला कंपन्यांना वाव आहे. म्हणजे डोंगराजवळ ज्याचं घर नाही, त्याच्याही बिलात वणवा आला.

मग माणसाने करायचं काय? माझ्या मते हप्त्याच्या आकड्याकडे पाहून रागावण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे डिक्लरेशन पेज, मागच्या वर्षीच्या पानाशेजारी ठेवून वाचावं. हप्ता वाढला ते लगेच दिसतं. कवच आटलं ते दिसत नाही, आणि खरी फसगत तिथे होते. उदाहरण डिडक्टिबलचं. नुकसानीतला पहिला वाटा आपण सोसायचा, ती ही रक्कम. ती हजार-दोन हजार डॉलर असते असं आपण धरून चालतो. टेक्सासमध्ये वारा आणि गारांसाठी, फ्लोरिडात चक्रीवादळासाठी ती अनेकदा टक्क्यांत असते, आणि टक्का नुकसानीचा नसून घराच्या विमा रकमेचा असतो. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर. डॅलसकडच्या गारपिटीत छप्पर फुटलं आणि दुरुस्ती दहा हजारांची निघाली, तर कंपनीकडून हातात पडणार दोन हजार. तसंच छपराचं. "बदलून देण्याचा पूर्ण खर्च" जाऊन तिथे हळूच "घसारा वजा करून" आलेलं असतं. पंधरा वर्षांच्या छपराला मग चिल्लर मिळते. नवी कंपनी निम्म्या हप्त्यात विमा देते म्हणाली, तर आधी या दोन ओळी शोधाव्या.

डिडक्टिबल जाणून-बुजून वाढवणं मात्र शहाणपणाचं असू शकतं, तेवढे पैसे बाजूला असतील तर. लहानसहान नुकसानीला क्लेम न करणं त्याच हिशेबात बसतं, कारण क्लेमची नोंद सात वर्षांपर्यंत राहते आणि नव्या कंपनीलाही ती दिसते. विमा रक्कम मात्र कमी करू नये. ती बाजारभावाइतकी असायची गरज नसते, कारण सिलिकॉन व्हॅलीतल्या वीस लाख डॉलरच्या घरात जमिनीचीच किंमत मोठी असते आणि जमीन जळत नाही. पण पुन्हा बांधायचा खर्च पुरता धरलेला हवा.

घरात केलेल्या कामाचा फायदा राज्यागणिक बदलतो. फ्लोरिडात छपराची बांधणी आणि खिडक्यांची झडपं तपासणाऱ्याकडून अधिकृत दाखला घेतला, तर कंपनीला सवलत द्यावीच लागते. कॅलिफोर्नियात भिंतीलगतची पहिली पाच फूट जागा जळाऊ वस्तूंपासून मोकळी ठेवणं, वाऱ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी लावणं, असल्या कामांची सवलत आहे. खिडकीखाली हौसेने चढवलेली जाई यात पहिली बळी जाते, याला इलाज नाही. कंपनीने घराला वणव्याच्या धोक्याचे किती गुण दिले हे विचारण्याचा आणि त्यावर अपील करण्याचा हक्कही तिथे आहे. नूतनीकरण नाकारायचं तर 75 दिवस आधी कळवणं बंधनकारक आहे. हे दिवस अनेक कंपन्यांचे दर आणणाऱ्या स्वतंत्र एजंटाला फोन करण्यासाठी वापरावे. कंपनी बदलली तर बँकेला लेखी कळवायला विसरू नये. विमा नाही असं बँकेला वाटलं, तर ती स्वतःच महागडा विमा घेऊन तुमच्या माथी मारते, आणि तो बँकेचं कर्ज सांभाळतो, तुमचं सामान नव्हे.

एवढं करूनही एक मोठं भगदाड उरतं. भारतात 2021 पासून विकल्या जाणाऱ्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि भूकंप दोन्ही येतात. आपल्याकडे ती घेणारे थोडे, तो वेगळा विषय. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात दोन्ही नसतात. 2017 मध्ये हार्वी वादळात ह्युस्टनच्या असंख्य घरांत पाणी शिरलं, तेव्हा बहुसंख्य घरमालकांकडे पुराचा विमा नव्हता. हा विमा मुख्यतः केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो. घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर, आणि एरवी तो घेतल्यावर 30 दिवसांनी लागू होतो. टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसू लागल्यावर एजंटाला फोन करून काही उपयोग नसतो.