उंदराचे पोट लवकर का भरले?

लग्नसराई जवळ आली की घराघरांत वजनाचा विषय निघतो. कोणीतरी सांगते, अमुक कॅप्सूल घ्या, महिन्यात फरक दिसेल. दुसरीकडे घरातल्या कोणाला मानसिक आजारावरची गोळी सुरू असते आणि तक्रार येते, ‘गोळीने भूक वाढली, अंग सुटले.’ या दोन्ही गोष्टींचा संबंध सेरोटोनिन या रसायनाशी असू शकतो. त्याची बरीच माहिती प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून मिळाली आहे.

‘पुरे झाले’चा निरोप

सेरोटोनिन हे मज्जापेशींचे निरोप पोहोचवणारे रसायन. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, थोडे मेंदूत. मेंदूतल्या सेरोटोनिनचा एक निरोप असतो, ‘पुरे झाले, आता थांबा.’

फेनफ्ल्युरामाइन हे औषध मेंदूत सेरोटोनिन मोकळे करते. ते दिलेले उंदीर खाण्यापाशी येत, पण सावकाश खात आणि लवकर थांबत. म्हणजे भूक मेली नव्हती. पोट भरल्याची जाणीव लवकर होत होती.

औषध रोज चालू ठेवल्यावर मात्र काही दिवसांत त्यांचे खाणे पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखे झाले. वजन तेवढे कमी राहिले. औषध बंद करताच ते नेहमीपेक्षा जास्त खाऊ लागले आणि घटलेले वजन भरून निघाले.

कुलूप सापडले

सेरोटोनिनला किल्ली मानले, तर पेशींवरचे रिसेप्टर ही तिची कुलपे. ती अनेक प्रकारची असतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ‘२सी’ नावाचा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. ते जास्त खात आणि लठ्ठ होत. त्यांना आकडीही येई. पुढे दिसले, की अशा उंदरांची भूक फेनफ्ल्युरामाइनच्याच जातीच्या औषधाने फारशी कमी होत नाही. भुकेचे एक मोठे कुलूप हेच होते.

ओलान्झापिनसारखी काही मानसिक आजारांवरची औषधे ‘२सी’ची वाट अडवतात, शिवाय हिस्टामिनचीही. ओलान्झापिन दिलेल्या मादी उंदरांचे खाणे आणि वजन वाढते. नरांत तसे क्वचितच दिसते. माणसांत मात्र स्त्री-पुरुष दोघांचेही वजन वाढू शकते. तेव्हा ‘आळसाने जाड झाली’ असे टोमणे मारण्याआधी घरच्यांनी विचार करावा.

एक किल्ली, दुसरे दार

तीच किल्ली हृदयाच्या झडपांवरच्या ‘२बी’ या रिसेप्टरलाही लागते. १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने फेनफ्ल्युरामाइन आणि फेन्टरमाइन एकत्र घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या झडपा बिघडल्याचे कळवले. सप्टेंबरमध्ये फेनफ्ल्युरामाइन बाजारातून काढून घेतले गेले.

मग फक्त ‘२सी’वर नेम धरणारे लोर्केसेरिन आले. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सुमारे १२,००० रुग्णांच्या अभ्यासात ते घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के लोकांना कर्करोग झाला, न घेणाऱ्यांपैकी ७.१ टक्के लोकांना. फरक लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. २०२० मध्ये तेही मागे घेतले गेले. मोठ्या मात्रेने उंदरांत गाठी होतात, हे आधीच दिसले होते.

सेरोटोनिनसह आणखी एका रसायनावर काम करणारे सिब्युट्रामाइन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेले; भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये ते लपवून मिसळल्याचे तपासणीत आढळले आहे.

घरासाठी एवढे लक्षात ठेवा

घटक न लिहिलेली किंवा कोणी ऐकीव माहितीवर सुचवलेली कॅप्सूल घेऊ नका. मानसिक आजाराच्या गोळीने वजन वाढत असेल, तर ती मनाने बंद करू नका. आजार उलटू शकतो. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. मात्रा किंवा औषध बदलता येते का, हे तेच ठरवतील. आणि जेवताना घाई करू नका. ‘पुरे झाले’ हा निरोप पोहोचायला थोडा वेळ लागतो.