हवाई अंतर व उड्डाणकाल
हवाई अंतर व उड्डाणकाल : भूपृष्ठावरील दोन स्थळांमधील सर्वांत आखूड अंतरास हवाई अंतर म्हणतात आणि एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाण्यास विमानाला लागणाऱ्या वेळेस उड्डाणकाल म्हणतात. पृथ्वी गोलाकार असल्यामुळे हे अंतर बृहद्‌वृत्ताच्या, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाच्या कंसावर मोजतात. स्थळांचे अक्षांश-रेखांश ज्ञात असल्यास गोलीय त्रिकोणमितीने ते काढता येते. या वृत्तावरील एक अंश म्हणजे सु. १११ किमी. होत. विमानवाहतुकीत सागरी मैल (१·८५२ किमी.) हे एकक रूढ आहे.

पुण्याचा लोहगाव विमानतळ (सु. १८° ३५′ उ. व ७३° ५५′ पू.) आणि दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ (सु. २८° ३४′ उ. व ७७° ०६′ पू.) यांमधील हवाई अंतर सु. १,१५५ किमी. भरते. लोहमार्गाने ते दीड हजार किमी.हून अधिक आहे. प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ८३० किमी. धरल्यास भागाकाराने सु. १ तास २४ मिनिटे हे उत्तर येते. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ दिलेला आढळतो. ही वेळापत्रकाची चूक नव्हे. त्यातील काळ विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळाच्या थांब्यावर स्थिरावेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, परवानगीची प्रतीक्षा आणि दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या त्यात धरलेल्या असतात. लोहगावची धावपट्टी भारतीय हवाई दलाच्या तळावरील असल्याने तेथे नागरी विमानांना लष्करी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते. शिवाय पूर्ण वेग केवळ उंचावरच मिळतो. सु. ३ किमी. उंचीखाली वेग सर्वसाधारणपणे ताशी ४६३ किमी.पर्यंत मर्यादित असतो आणि १०–११ किमी. उंचीवरील विमान उतरण्यास मुक्कामापूर्वी सु. २०० किमी. अंतरावरच आरंभ करते.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उच्च स्तरावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुस्रोत वाहतो. त्यामुळे मुंबईहून कोलकात्यास जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा कमी असतो.

अंतर जितके कमी, तितका भागाकार अधिक फसवा. पुणे व मुंबई या विमानतळांमधील हवाई अंतर सु. १२४ किमी., तर पुणे–मुंबई लोहमार्ग १९२ किमी. आहे. एवढ्या अंतरात विमान नेहमीची उंची गाठूच शकत नाही. चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ ही गाडी हा प्रवास सु. सव्वातीन तासांत व शहराच्या मध्यभागापर्यंत घडवते. विमानाच्या प्रवाशास विमानतळावर साधारणपणे तासाभराहून अधिक आधी पोहोचावे लागते व उतरल्यावर पुन्हा शहर गाठावे लागते.

पवनाकाठच्या पिंपळे सौदागरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लोहगाव तेथून पूर्वेस सरळ रेषेत सु. १३ किमी.वर असले, तरी दापोडी, खडकी, विश्रांतवाडी अशा वळणाने, पवना व मुळा ओलांडून जाणारी वाट बरीच लांब व वर्दळीची आहे. उलट, २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गाचे किवळे येथील टोक पश्चिमेस आहे. मुंबईस विमानाने निघालेल्या येथील रहिवाशास म्हणून प्रथम मुंबईकडे पाठ करूनच जावे लागते.