धनुष्कोडी लोहमार्ग : उदय, मार्ग आणि अस्त

प्रस्तावना :
काशीची गंगा रामेश्वरास नेऊन वाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. आज रामेश्वर स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूस हे सहसा ठाऊक नसते की, तो ज्या लोहमार्गाने आला तो मूळची एक शाखा होय. मुख्य मार्ग बेटाच्या टोकाशी असलेल्या धनुष्कोडीस जात असे. तो १९६४ साली नष्ट झाला. प्रस्तुत लेखात या मार्गाचा इतिहास व त्याच्या अस्ताची कारणे यांचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

उदय :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासहून सिलोनला जाणारे प्रवासी तुतिकोरीनपर्यंत रेल्वेने व पुढे आगबोटीने कोलंबोस जात. हा सागरी प्रवास कमी करण्यासाठी साउथ इंडियन रेल्वेने मंडपम व पांबन बेट यांच्या दरम्यान सुमारे दोन किलोमीटर लांबीचा पूल उभारला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे 'बोट मेल' थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. सिलोनमध्येही मन्नार बेटावरील तलैमन्नारपर्यंत लोहमार्ग पोहोचला होता. मधला सुमारे ३५ किलोमीटरचा समुद्र आगबोट पार करीत असे.

मार्ग :
मीटर गेजचा हा मार्ग पूल ओलांडून पांबन जंक्शनला येई. तेथून एक फाटा रामेश्वरास, तर मुख्य मार्ग आग्नेयेकडील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून धनुष्कोडीस जाई. या पट्ट्याच्या एका बाजूस पाल्कची सामुद्रधुनी, तर दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात आहे. सेतुस्नानासाठी जाणारे यात्रेकरू, व्यापारी आणि सिलोनच्या चहामळ्यांकडे निघालेले तमिळ मजूर हे या मार्गाचे प्रमुख प्रवासी होते. मजुरांना प्रथम मंडपमच्या छावणीत विलगीकरणात ठेवले जाई.

अस्त :
२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ बेटावर आदळले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे लाटांनी गिळली. तीत शंभराहून अधिक माणसे होती; कोणीही वाचले नाही. गाव उद्ध्वस्त झाले आणि पुढे शासनाने ते वस्तीस अयोग्य ठरविले.

याच वादळात पांबन पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले. तथापि अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. मग धनुष्कोडीचा मार्ग का उभारला गेला नाही? पुलापलीकडे रामेश्वरचे तीर्थक्षेत्र कायम होते. धनुष्कोडीस मात्र ना गाव उरले होते, ना धक्का. ज्या वाळूवर रूळ होते ती जमीनही भरवशाची राहिली नव्हती. परिणामी शाखा हाच मुख्य मार्ग बनला आणि आगबोट रामेश्वरहून सुटू लागली.

या घटनेस एक सामाजिक बाजूही आहे. वादळाच्या दोनच महिने आधी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, शास्त्री-सिरिमावो करार झाला होता. त्यानुसार सिलोनमधील ५,२५,००० भारतीय वंशाच्या लोकांना भारतात परतावयाचे होते. ज्या मार्गाने त्यांचे पूर्वज गेले त्याच मार्गाने परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते रामेश्वरास उतरले. पुढे श्रीलंकेतील वांशिक संघर्षामुळे १९८० च्या दशकात ही आगबोटही बंद पडली.

समारोप :
युद्धकाळात, १९९० मध्ये, बंद पडलेला तलैमन्नारचा लोहमार्ग भारताच्या साहाय्याने मार्च २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. भारताच्या बाजूस २०१७ मध्ये धनुष्कोडीच्या टोकापर्यंत रस्ता झाला, आणि ६ एप्रिल २०२५ रोजी नव्या पांबन पुलाचे उद्घाटन झाले. या मार्गाचा बळी वादळाने घेतला हे खरेच. परंतु तो पुन्हा न उभारला जाण्याचे कारण केवळ वादळ नव्हे. लोहमार्ग रुळांवर जितका उभा असतो तितकाच त्याच्या दोन्ही टोकांच्या माणसांवर उभा असतो, हेच धनुष्कोडीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.